रस्त्यानं गेलेले आणि पाण्यानं गेलेले

आमच्या लानेसारे गावाचा नकाशा दर वसंतात काही आठवडे खोटा ठरतो. बर्फ वितळलं की वेस्की नदी आपलं पात्र सोडून दलदलीत शिरते, दलदल कुरणात शिरते, कुरण रस्त्यावर येतं, आणि सरकारनं मोठ्या हौसेनं बांधलेला खडीचा रस्ता कुठं आहे हे दोन्ही बाजूंच्या खुंट्यांवरून ओळखावं लागतं. घरं उंचवट्यांवर आहेत म्हणून तेवढी उरतात. कोबीच्या वाफ्यांत पाईक मासे अंडी घालतात. इथले लोक ह्याला पूर म्हणत नाहीत. पाचवा ऋतू म्हणतात, आणि बाकीच्या चारांबद्दल करतात तेवढीच तक्रार ह्याच्याबद्दल करतात. वेस्की म्हणजे गिरणीची नदी. गिरणी मी येण्याआधीच तिनं नेली होती. नाव तेवढं मागं ठेवलं.

मी इथं शाळामास्तर म्हणून एका वर्षासाठी आलो. ते वर्ष अजून संपायचंय. तार्तूच्या विद्यापीठात भूगोल शिकलो होतो, आणि ह्या दलदलीचा ऐतिहासिक भूगोल लिहायचा असं येतानाच ठरवलं होतं. नदी पूर्वी कुठून वाहायची, माणसं इथं का आली, आणि आल्यावर परत का गेली नाहीत. पुस्तक चालू आहे. नदी जागा बदलते, त्यामुळे पहिलं प्रकरण मला पुन्हा पुन्हा लिहावं लागतं. राहतो म्हाताऱ्या कुस्तासकडे. त्याच्या लांबलचक लाकडी घराच्या एका टोकाला माझी खोली, मध्ये खळं, दुसऱ्या टोकाला गाय. आमच्यापैकी भाडं कोण देतं एवढाच काय तो फरक.

पुस्तकातलं एक प्रकरण मात्र पूर्ण झालंय. ते गाव सोडण्याबद्दल आहे.

रस्ता नव्हता तेव्हा उन्हाळ्यात दलदल माणसाला गुडघ्यापासून गिळायला सुरुवात करायची. हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून घसरगाडी जायची, पण ती मीठ आणायला, आणि परत यायची. कायमचं जायचं तर पुरातच. पाणी चढलं की रान, कुरण, नदी सगळं एक होतं आणि होडी नाकासमोर थेट काल्वे शहरापर्यंत जाते. म्हणून घरात मूल जन्मलं की बाप रानात जाऊन एका हाबाच्या झाडावर कुऱ्हाडीनं खूण करायचा. हाब म्हणजे वारा नसतानाही पानं हलवत बसणारं झाड. लाकूड हलकं, मऊ, आणि कोरून आगीवर धरलं तर शेंगेसारखं उघडणारं. मूल मोठं झालं, घर सोडायची वेळ आली, की त्याच खोडातून बापानं त्याची होडी करायची. त्या होडीतून गेला तो गेला. घरानं त्याला सोडलं.

मग रस्ता झाला. आता वर्षातला बराचसा काळ कोणीही पायी, सायकलवर, दुधाच्या गाडीत बसून जाऊ शकतं, आणि जातातही. फक्त गाव ते जाणं धरत नाही. रस्त्यानं गेलेला माणूस कामाला गेलाय, येईल, असं मानतात. शेजारच्या लोवीसाचा नवरा रस्त्यानं खिळे आणायला गेला. तो पार्नू शहरात दुसऱ्या बाईबरोबर राहतो, त्याला मुलं आहेत, त्यातल्या एकाचा तर फोटोही गावात फिरून गेला. पण गावाच्या लेखी तो खिळे आणायला गेलाय. मध्ये एका विधुरानं लोवीसाला मागणी घातली, तर तिनं सरळ चेहऱ्यानं सांगितलं, "घरी माणूस नाहीये, आल्यावर विचारते."

भूगोल बदलला, रिवाज तसाच राहिला, असं मी त्या प्रकरणाच्या शेवटी लिहिलंय. वाक्य मला अजूनही बरं वाटतं. त्या वसंतात त्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही, एवढंच.

कुस्तासची धाकटी मुलगी आलीडे. तिशी ओलांडलेली, उंच, हाताला जोर असलेली. तिची भावंडं आपापल्या होड्यांतून केव्हाच गेली. आलीडे रस्त्यानं लोणी करण्याच्या शाळेत गेली, पहिली आली, आणि रस्त्यानं गेलेली असल्यामुळे सुगीला परत बोलावली गेली. मग बापाची कंबर धरली. मग गाय व्याली. मग कंबर पुन्हा धरली. ती रस्त्यानं कितीदा गेली आणि घरात काही ना काही होऊन किती वेळा परत आली ह्याचा हिशेब ठेवण्यात अर्थ नव्हता. रस्ता तिला गेलेली मानतच नव्हता.

त्या वर्षी काल्वेच्या सहकारी दूधसंघानं तिला मुख्य लोणीकारीण म्हणून बोलावलं. राहायला खोली, हाताखाली दोन मुली. अट एकच. एप्रिलातल्या जुरीच्या सणाच्या दिवशी हजर व्हायचं. आमच्याकडे गडीमाणसं, नोकऱ्या, भाडेकरू सगळं त्याच दिवशी बदलतं. त्या दिवशी जो जिथं असेल तो वर्षभर तिथला. ती नाही आली तर डेन्मार्कमध्ये शिकून आलेला एक तरुण तयारच होता.

"ह्या वेळी पाण्यानं जाणार," आलीडेनं शरदातच बापाला सांगितलं.

"मग, जायलाच पाहिजे," कुस्तास म्हणाला.

हे लक्षात घ्यायला हवं. म्हातारा कधीही नाही म्हणाला नाही. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. त्यानं तिचा हाब पाडला, हिवाळाभर खोड कोरलं, आत-बाहेर तासून बोटभर जाडीचं केलं. गावातले लोक बघून गेले. अशी होडी बऱ्याच वर्षांत झाली नव्हती म्हणाले. फक्त शेवटचं काम राहिलं, आगीवर धरून ती उघडायचं. तोवर ती होडी नसते, लांब पन्हळ असते; तिच्यात बसलं तर माणूस पहिल्याच वळणावर कोबीत पडतो.

आणि ते काम होईना. एक दिवस वारा पश्चिमेचा होता. एक दिवस सरपण ओलं होतं. एक दिवस सगळं ठीक होतं, म्हणून म्हाताऱ्याला संशय आला.

दरम्यान पाणी अंगणात आलं. गाईखाली फळ्या रचून तिला वर चढवलं, कोंबड्या माळ्यावर गेल्या आणि माझ्या डोक्यावर बरोबर पलंगाच्या जागी येऊन बसल्या. दारातून बाहेर पाहिलं की काळ्या चहाच्या रंगाचं पाणी, त्यातून वर आलेली भूर्जांची खोडं, मधूनच एखादा बर्फाचा तुकडा, कुणाच्या तरी कुंपणाचं दार. त्याच घरात, त्याच चुलीपुढे, तीच तीन माणसं. खारवलेले मासे, राय धान्याची भाकरी, आंबट दूध. बोलायला विषय एकच, आणि तो कोणी काढत नव्हतं.

एका सकाळी लोवीसा आपल्या होडीतून आली. होडी तिनं उंबऱ्याला टेकवली आणि न उतरताच बोलायला लागली.

"काय गं आलीडे, अजून इथंच? मी म्हटलं, आता काल्वेचं लोणी खायला मिळणार."

"मिळेल, लोवीसाकाकू."

"केव्हा? पाणी उतरायला लागलंय बघ. माझ्या न्हाणीघराची दुसरी पायरी दिसतेय आज." मग आतल्या अंधाराकडे मान वळवून, "कुस्तास! अरे, ती पन्हळ डुकरांसाठी केलीस का?"

आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "डुकरांना एक आहे."

हे खरं होतं. कुस्तासचीही होडी होती एके काळी. थोरले भाऊ गेले, घर त्याच्यावर पडलं, तेव्हा त्याच्या होडीतून गवत वाहिलं, ती कुजली, आणि मग तिचं डुकरांचं खाण्याचं भांडं झालं. अजून आहे.

"तू माझ्या होडीत बस," लोवीसा आलीडेला हळूच म्हणाली. "दुपारपर्यंत काल्वेला सोडते."

"परक्या होडीतून?"

"हं. लोक म्हणतील पळून गेली."

"म्हणू देत. पण घराला बरोबर तेच पाहिजे असतं. महिन्याभरात निरोप येईल, बाबांची कंबर धरलीय, आणि मी येईन. तुम्हाला माहितीय, मी येईन."

लोवीसानं वल्ह्यानं पाणी ढवळलं. तिला माहीत होतं. मलाही. आलीडेला तो रिवाज गावासाठी नको होता, स्वतःसाठी हवा होता. घरानं एकदा तरी स्वतःहून हात सोडावा, म्हणजे तिला मागं वळावं लागणार नाही.

मी शिकलेला माणूस असल्यामुळे मला वाटलं, बोलून बघावं. दुपारी म्हातारा उंबऱ्यावर बसून जाळं विणत होता. मी शेजारी बसलो.

"कुस्तासकाका, हा रिवाज कशातून आला ते तुम्हीच मला सांगितलंत. दुसरी वाट नव्हती म्हणून. आता वाट आहे. म्हणजे कारण गेलं."

"गेलं खरं."

"मग तिला असंच जाऊ द्या की. होडीबिडी काही नको. नुसतं तोंडानं म्हणा, जा म्हणून."

"मी कुठं अडवलंय, मास्तर? रस्ता आहे की. सरकारनं केलाय."

"तो पाण्याखाली आहे!"

"ते सरकारला सांगा." त्यानं गाठ मारली, दातानं दोरा तोडला. "पुस्तकात घाला हे सगळं. कारण गेलं म्हणून. चांगलं लिहिता तुम्ही."

आलीडे आमच्या मागं कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिच्या हातात बादली होती.

"उद्या मी उघडते होडी," ती म्हणाली. "मास्तर, तुम्ही काठ्या धराल?"

"मी?"

"आणखी कोण आहे? कोंबड्या?"

 म्हाताऱ्यानं जाळं चुकीच्या बाजूनं विणायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरामागच्या कोरड्या उंचवट्यावर आम्ही खोड ठेवलं. दोन्ही अंगांना लांब, बारीक आग. आत पाणी शिंपडत राहायचं, बाहेरून ऊब द्यायची, आणि लाकूड ढिलं पडलं की आतून आडव्या काठ्या बसवायच्या. आधी आखूड, मग जरा लांब, मग आणखी लांब. घाई केली तर खोड टोकापासून फाटतं आणि एक हिवाळा फुकट जातो. उशीर केला तर लाकूड जळतं. हे सगळं मला तोंडपाठ होतं, मी ते लिहिलं होतं. लिहिताना डोळ्यांत धूर जात नाही.

म्हातारा पाठ न्हाणीघराला टेकवून बसला होता. बघत होता.  आलीडे वाकून हातानं लाकूड दाबून बघायची, पाणी टाकायची, "हं, आता" म्हणायची, आणि मी काठी सारायचो. खोड हळूहळू, अगदी नाइलाज झाल्यासारखं, उघडत होतं. पन्हळीची होडी व्हायला लागली होती. आलीडेच्या चेहऱ्यावर काजळी होती आणि त्याखाली कित्येक वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं. मी त्याकडे बघत राहिलो आणि काठी तिरकी बसवली.

करकर आवाज आला. होडीच्या नाकाच्या बाजूला केसाएवढी रेघ उमटली.

"पाणी!" आलीडे ओरडली. मी बादली उचलली ती रिकामी होती. तेवढ्यात कुस्तास उठला. धरलेल्या कमरेचा माणूस असा उठताना मी पाहिला नव्हता. त्यानं मला खांद्यानं बाजूला सारलं, ओलं शेवाळ त्या रेघेवर दाबलं, तिरकी काठी एका ठोक्यात काढली.

"भूगोल शिका म्हणावं," तो पुटपुटला. "आगीच्या त्या टोकाला निखारे कमी कर, पोरी. कमी! भाजतेयस काय, मासा आहे का हा?"

मग दिवसभर तोच काम करत होता. मुद्दाम फाडली असती तर कोणी काही म्हटलं नसतं, मास्तरवर ढकलता आलं असतं. पण वाईट उघडलेली होडी त्याला बघवत नव्हती, हे मी समजलो. आलीडे पाणी मारत होती, तो काठ्या बसवत होता, दोघं एकमेकांकडे न बघता एकमेकांचं नेमकं ओळखत होती. उन्हं कलता कलता त्यानं मधली, सगळ्यांत लांब काठी मागितली. मी दिली. ती त्यानं बाजूला टाकली, न्हाणीघरात गेला, आणि स्वतः कापून ठेवलेली एक आणली. बरीच लांब होती. ती बसली तेव्हा होडीचं पोट नेहमीपेक्षा चांगलंच रुंद झालं.

"एवढी?" आलीडेनं विचारलं.

"तुझं सामान असेल," म्हातारा म्हणाला.

मला ते फार आवडलं. बापाचं मन मोकळं झालं तशी होडीही मोकळी झाली, असं एक वाक्य मी मनात जुळवूनही ठेवलं. भूगोलाच्या पुस्तकात ते कुठं बसवायचं एवढाच प्रश्न होता.

जुरीच्या आदल्या दिवशी होडी पाण्यात सोडली. डांबराचा वास येत होता. पाणी उतरायला लागलं होतं, पण काल्वेपर्यंत जायला पुरेसं होतं. लोवीसा निरोप द्यायला आली होती आणि निरोपाऐवजी होडीला नावं ठेवत होती. "काय गं ही, लग्नातल्या परातीसारखी." आलीडेनं आपली पेटी आणली, मधे ठेवली. पेटीच्या पुढं भरपूर जागा उरली. ती वल्हं आणायला खळ्यात गेली.

परत आली तेव्हा त्या जागेत कुस्तास बसला होता. रविवारचा कोट घातलेला. मांडीवर एक गाठोडं, गाठोड्यावर कुऱ्हाड. तोंड मागं, म्हणजे ती जिथं वल्हं घेऊन बसणार होती तिकडे.

"बाबा, उतरा. उशीर होतोय."

"तर काय. निघू या."



"तुम्ही कुठं निघालात?"

"तुझ्याबरोबर. खोली आहे म्हणालीस ना? मला कोपरा पुरतो."

"एका होडीतून एकानंच जायचं असतं!"

"असं कुठं आहे?" म्हातारा माझ्याकडे वळला. "मास्तर, तुम्ही सगळं लिहून घेतलंय. एका होडीत दोघांनी जायचं नाही असं कुठं लिहिलंय?"

मी आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे आठवलं. मूल, खूण, खोड, आग, पूर, सगळं होतं. दोघांबद्दल काहीच नव्हतं. आणि ते सगळं मला सांगितलं होतं एकाच माणसानं, चुलीपुढं बसून, बऱ्याच हिवाळ्यांत, आणि तो ह्या क्षणी रविवारचा कोट घालून होडीत बसला होता.

"तसं… लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

"बघ. शिकलेला माणूस सांगतोय."

"तुमची होडी झाली होती की, बाबा! तुमची वेळ होऊन गेली!"

"माझी डुकरांनी खाल्ली," कुस्तास म्हणाला. हे त्यानं नेहमीच्याच आवाजात म्हटलं. पण त्यानं गाठोड्यावरचे हात सोडले नाहीत, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की ह्या घरातून जायचं असलेली आलीडे एकटीच नव्हती, फक्त तीच एकटी तसं बोलून दाखवत होती. सहानुभूती वाटायला हवी होती. पण तिचा चेहरा बघितल्यावर ती वाटणं जमेना.

"आणि घर?" लोवीसानं विचारलं. "गाय?"

"मास्तर आहेत की," कुस्तास म्हणाला.

माझं मत कोणी विचारलं नाही. मी रस्त्यानं आलेलो, त्यामुळे गावाच्या हिशेबानं मी अजून आलेलोच नव्हतो; पण गाईला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"कुस्तास, उतर रे," लोवीसा म्हणाली. तिच्या आवाजात ह्या वेळी टोमणा नव्हता. "पोरीला एकदा तरी जाऊ दे."

"मी कुठं अडवलंय?"

आलीडे उंबऱ्यावर उभी राहिली. मला वाटलं, आता ती वल्हं फेकेल. किंवा आत जाईल, बापाला दिवसभर तिथं बसू देईल, पाणी उतरेल, जुरीचा दिवस जाईल, डेन्मार्कचा तरुण लोणी काढायला लागेल. किंवा बापाला काखेत हात घालून उचलून बाहेर ठेवेल. तेवढी ताकद तिच्यात होती, आणि ती नजरेनं त्याचं वजन करत होती हे मला स्पष्ट दिसलं. म्हाताऱ्यालाही दिसलं असावं. तो थोडा खाली सरकला.

मग ती होडीत आली. मागच्या टोकाला बसली. रुंद होडी जराही डुलली नाही, इतकी चांगली उघडली होती. आता दोघं समोरासमोर होती, चुलीपुढं बसायची तशीच, मधे फक्त पेटी. काल्वेपर्यंत हा चेहरा, आणि काल्वेला खोलीच्या कोपऱ्यात हाच चेहरा.

तिनं वल्हं पाण्यात घातलं नाही.

"बाबा."

"हं."

"पुढं तोंड करून बसा."

"का? बरं बसलोय की."

"मला वाट दिसत नाही."

"मी सांगतो ना वाट. डावीकडून घे, त्या—"

"तोंड पुढं करा, नाहीतर मी इथंच बसून राहीन. जुरीचा दिवस जाईपर्यंत. पाणी आटेपर्यंत. तुम्हाला माहितीय मी बसेन."

हे त्याला माहीत होतं. बसून राहणं तिनं त्याच्याकडूनच घेतलं होतं. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, पण ह्याबद्दलही पुस्तकात काही नव्हतं. त्यानं गाठोडं उचललं, कुऱ्हाड काखेत घेतली, कमरेवर हात ठेवून एक कण्हणं काढलं, ज्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, आणि हळूहळू, होडीच्या कडा धरत, वळला. आता तिच्यापुढं त्याची पाठ होती. कोटाच्या खांद्यावर कोंबडीचं एक पीस चिकटलेलं होतं.

आलीडेनं उंबऱ्याला वल्हं लावून जोरात ढकललं. भूर्जांमधून ती बाहेर पडेपर्यंत म्हातारा डावीकडे, डावीकडे, असा हात करत होता. ती उजवीकडून गेली.